यंत्रकट्टा: कोड सेन्सरचा, दुखणं कुठलं?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच गाऱ्हाणं फिरून फिरून येतं. जुनं खोदाईचं मशीन घेतलं, डिस्प्लेवर बिघाडाचा कोड आला, सेन्सर बदलला आणि कोड तिथंच. म्हणून उत्तरांआधी कोड कसा वाचायचा ते सांगतो. कोडमध्ये दोन आकडे असतात. पहिला एसपीएन. तक्रार कुठल्या मापाची आहे ते तो सांगतो: १०० ऑइल प्रेशर, १०२ टर्बोचं बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब), ११० कूलंटचं तापमान, १५७ रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतला दाब), १९० इंजिनाचे आरपीएम. दुसरा एफएमआय. तक्रार कोणत्या जातीची आहे ते तो सांगतो, आणि गॅरेजमध्ये नेमका हाच आकडा कोणी बघत नाही. ३ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज नको इतका वर, ४ म्हणजे नको इतका खाली, ५ म्हणजे करंट कमी, बहुधा तार तुटलेली. २ म्हणजे आकडा उड्या मारतोय. ही सगळी वायरिंगची किंवा सेन्सरच्या आतल्या सर्किटची दुखणी. पण ०, १ किंवा १५ ते १८ यांपैकी आकडा असेल, तर ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, मते सेन्सर नीट बोलतोय आणि माप खरोखरच वर किंवा खाली गेलंय. काही कंपन्या डिस्प्लेवर स्वतःचेच आकडे दाखवतात. त्यांचं कोष्टक त्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. ते हातात आल्याशिवाय अंदाजाने पार्ट मागवू नका.

आणि हो, पोकलेन ही मुळात एका फ्रेंच कंपनीची खूण, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं एक्स्कॅव्हेटर पोकलेनच. इथंही तसंच लिहिलं आहे.

प्रश्न: २० टनी जुनं पोकलेन घेतलं. चार-पाच तास चाललं की लोडवर दम सोडतं आणि १५७-१८ कोड येतो. रेल प्रेशर सेन्सर दोनदा बदलला. आता कंपनीचा ओरिजनल टाकावा का? (फलटण)

नका टाकू. १८ म्हणजे रेलमधला दाब खरोखर कमी पडतोय, आणि सेन्सर तेच सांगतोय. तरी मनातली शंका जायला हवी, म्हणून आधी सेन्सरच तपासून मोकळे व्हा. मशीन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा. रेलमध्ये या वेळी दाब नसतो. बहुतेक तीन तारांच्या रेल सेन्सरचा सिग्नल आता ०.५ व्होल्टच्या आसपास हवा आणि स्कॅनरवर रेल प्रेशर शून्याजवळ. सिग्नल ०.५ च्या बराच खाली असेल तरच सेन्सर कमी दाखवतोय असं म्हणता येईल. ०.५ बरोबर असेल आणि सेन्सरचा पार्ट नंबरही जुळत असेल, तर सेन्सरचा विषय संपला.

आता डिझेलकडे चला. चार-पाच तासांनी दम सुटतो, सकाळी सुटत नाही, ही खूण महत्त्वाची. पुढच्या वेळी दम सुटला की लगेच डिझेल टाकीचं झाकण उघडून पाहा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि पिकअप परत आला, तर झाकणाचा श्वास धुळीने बंद झालाय. टाकी रिकामी होत जाते तशी आत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकण धुऊन काम भागतं, आणि ही गोष्ट वाटते त्यापेक्षा जास्त वेळा सापडते.

झाकणाने फरक पडला नाही, तर टाकीच्या तळाची जाळी, वॉटर सेपरेटर, मग दोन्ही फिल्टर. त्यानंतर हवा. सेपरेटर ते पंप या ओढीच्या बाजूला तात्पुरता फूटभर पारदर्शक पाइप टाका आणि इंजिन चालू ठेवून बघा. सतत बुडबुडे दिसले तर कुठेतरी एअर घेतोय: सुकलेला वॉशर, सैल क्लिप, चिरलेला रबरी पाइप. ओढीच्या बाजूची गळती बाहेर डिझेल टाकत नाही, आत हवा घेते, म्हणून नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही.

एवढं करूनही कोड राहिला, तर इंजेक्टरची रिटर्न तपासणी. प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न पाइप काढून वेगवेगळ्या, खुणा केलेल्या बाटलीत सोडा, इंजिन गरम असताना दोन मिनिटं आयडलवर चालवा आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवा. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल आलं, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. सगळ्या सारख्या आणि कमी भरल्या, तर मग पंप आणि त्याचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा). रेलची जाड स्टीलची पाइपलाइन मात्र चालू इंजिनावर कधीही सैल करू नका आणि गळती हाताने चाचपू नका. हजार बारच्या पुढचा बारीक फवारा कातडीत शिरतो. वर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, पण आत डिझेल पसरलेलं असतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायचं.

प्रश्न: चिरेखाणीवरचं मशीन पावसाळ्यात दोन महिने उभं होतं. चालू केलं तर ऑइल प्रेशर, बूस्ट आणि डिझेल प्रेशर असे तीन कोड एकदम आले, तिन्हींपुढे ४. इंजिन रेस घेत नाही. तिन्ही सेन्सर एकदम कसे गेले? (कुडाळ)

गेलेले नाहीत. तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत, पण तिघांचं अन्न एकाच ताटातून येतं. दाब मोजणाऱ्या सेन्सरला तीन तारा असतात: ईसीएमकडून येणारा ५ व्होल्ट, परतीची अर्थ आणि सिग्नल. पुष्कळ इंजिनांत हा ५ व्होल्टचा फाटा दोन-चार सेन्सरना मिळून एकच असतो. त्यातल्या एका सेन्सरमध्ये पाणी शिरून शॉर्ट झालं किंवा ती तार कुठे सोलून इंजिनाला टेकली, की सगळ्यांचाच ५ व्होल्ट बसतो. सिग्नल खाली येतात आणि प्रत्येक जण ४ ची तक्रार करतो. सोबत ३५०९ किंवा त्याच्या आसपासचा सेन्सर-सप्लायचा कोड असेल तर शंकाच नको.

चावी बंद करून बूस्ट सेन्सरचा कपलर (तारांचा प्लग) काढा. चावी ऑन. कपलरच्या तारेकडच्या बाजूला ५ व्होल्टची पिन आणि अर्थची पिन यांच्यात मल्टिमीटर लावा. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. अर्धा-एक व्होल्टच दिसतोय? मग मीटर तिथंच ठेवा आणि चावी बंद-ऑन करत त्याच फाट्यावरचे बाकीचे सेन्सर एकेक करून सोडवत जा. ज्याचा कपलर निघाल्यावर मीटर उडी मारून ५ वर येईल, तो दोषी. एकच सेन्सर बदलायचा. तपासताना सुटलेल्या कपलरांचे नवे कोड येतील, घाबरू नका. सगळं जोडून झाल्यावर पुसून टाका.

सगळे सोडवले तरी ५ व्होल्ट आला नाही, तर दोष तारेत. बॅटरीची अर्थ काढा, ईसीएमचा कपलर काढा, आणि ५ व्होल्टची तार व बॉडी यांच्यात रेझिस्टन्स मोजा. मीटरने काहीच दाखवू नये. काही ओहम दाखवले तर तार टेकलीय. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: हार्नेस (तारांचा जुडगा) जिथे क्लिपमधून वळतो ती कड, सेल्फच्या मागची बाजू, टर्बोच्या उष्णतेने कडक झालेला भाग, आणि उंदरांनी कुरतडलेली जागा. दोन महिने उभ्या मशीनमध्ये उंदीर इंजिनाच्या वरच्या पत्र्याखाली घर करतात. तिथला पालापाचोळा दिसला तर आधी तिथली तार बघा. तार मोकळी निघाली आणि तरीही ईसीएमच्या पिनवर ५ व्होल्ट नाही, तरच ईसीएमचं नाव घ्यायचं, तेही ईसीएमला येणारा बॅटरीचा सप्लाय आणि अर्थ तपासून.

कपलरमध्ये हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने काढा. पॉलिश पेपर फिरवू नका, पिनवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात गंज दुप्पट वेगाने येतो. मागचं रबरी सील आहे ना ते पाहा. तपासताना तारेत सुई खुपसायची सवय असेल तर सोडा. त्या भोकातून पाणी तांब्यात शिरतं आणि वर्षभराने कोणाला न सापडणारा दोष तयार होतो.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. ऑइल प्रेशरपुढे ४ होता म्हणून एवढ्या निवांतपणे लिहिलं. तिथे १ असता, म्हणजे १००-१, तर उत्तर एका ओळीचं असतं: इंजिन त्या क्षणी बंद करा, आणि सेन्सरच्या जागी साधा काट्याचा गेज लावून खरा दाब मोजल्याशिवाय पुन्हा चालवू नका.

प्रश्न: माझी जेसीबी २०१५ ची आहे. ऑइलचा दिवा अधूनमधून लागतो. स्कॅनर कुठे लावायचा? (संगमनेर)

कुठेच नाही. त्या काळातल्या बहुतेक बॅकहो लोडरना मेकॅनिकल पंप आहे, ईसीएमच नाही. चाकांच्या बांधकाम-यंत्रांना बीएस (सीईव्ही) ४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागले, तेव्हापासून या वर्गात इलेक्ट्रॉनिक इंजिनं सर्रास आली.

तुमच्या दिव्यामागे साधा प्रेशर स्विच आहे. इंजिन बंद असताना तो अर्थ देतो आणि दिवा लागतो. दाब चढला की अर्थ तुटते, दिवा विझतो. चावी ऑन करून स्विचची तार काढा: दिवा विझायला हवा. तार बॉडीला टेकवा: लागायला हवा. काढूनही लागलेलाच राहिला तर तार कुठेतरी टेकतेय. तार ठीक असेल तर स्विच काढून त्या भोकात गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम करून आयडलवर बघा. स्विच स्वस्त आहे म्हणून आधी तो बदलायचा मोह होतो, पण गरम इंजिनाच्या आयडलवरच दिवा लागत असेल तर बेअरिंग आणि ऑइल पंपाची शंका पहिली. गेज आधी.

प्रश्न: तापमानाचा आकडा स्कॅनरवर उणे ४० दिसतो. (वडूज)

आपल्याकडे उणे ४० पडत नाही, म्हणजे सर्किट तुटलंय. कूलंटचा सेन्सर दोन तारांचा असतो आणि गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. चावी बंद करून कपलर काढा, त्याच्या दोन पिना बारीक तारेने एकमेकींना जोडा आणि चावी ऑन करा. आकडा थेट वरच्या टोकाला गेला, कोड ३ चा ४ झाला, तर तारा आणि ईसीएम ठणठणीत, सेन्सर बदला. काहीच हललं नाही तर तार तुटलीय. नवा सेन्सर बसवण्याआधी मीटरवर धरून पाहा. पुष्कळ इंजिनांत सापडणारा एक प्रकार २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास दाखवतो. तुमच्या इंजिनाचे आकडे मॅन्युअलमधून घ्या. गरम पाण्याचं भांडं आणि थर्मामीटर एवढ्यावर ही तपासणी घरी होते.

प्रश्न: मशीन गरम झालं की आपोआप बंद पडतं, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतं. डिझेल, फिल्टर सगळं केलं. कोड कधी येतो, कधी नाही. (चाळीसगाव)

बंद पडल्याबरोबर, थंड होऊ न देता, सेल्फ मारा आणि त्याच वेळी डिस्प्लेवरचा आरपीएम बघा. इंजिन फिरतंय पण आरपीएम शून्य, तर क्रँक सेन्सरकडून सिग्नल येत नाही. दीडशे-दोनशेच्या आसपास आकडा दिसला तर क्रँक सेन्सर सुटला आणि पुन्हा डिझेलकडे यायचं. या एका नजरेने निम्मं काम होतं, म्हणून ऑपरेटरला आजच शिकवून ठेवा.

सेन्सर दोन तारांचा, कॉइलवाला असेल तर बंद पडलेल्या गरम अवस्थेतच त्याचा रेझिस्टन्स मोजा. या जातीच्या सेन्सरचा रेझिस्टन्स बहुधा काहीशे ते हजारभर ओहम असतो. गरम झाल्यावर थोडा वाढणं साहजिक आहे, पण मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली बारीक तार उष्णतेने ताणून सुटते आणि गार झाल्यावर पुन्हा टेकते. थंड मशीनवर मोजणारा मिस्त्री म्हणूनच दरवेळी ‘सेन्सर ओके’ म्हणतो. तीन तारांच्या हॉल सेन्सरवर ओहमची तपासणी लावू नका. त्याला सप्लाय आहे का आणि इंजिन हळू फिरवताना सिग्नल वरखाली होतो का, एवढं बघायचं.

बदलण्याआधी काढून त्याचं टोक पाहा. चुंबकावर लोखंडाचा कीस दाढीसारखा चिकटलेला असतो. पुसून बसवलं की मशीन चालतं आणि सगळे खूश होतात, पण कीस आला कुठून? बोटाला चकाकणारी बारीक पूड लागली तर फ्लायव्हील किंवा गिअरचे दात तपासायला हवेत.

प्रश्न: पाच-सहा हजार तास चाललेलं पोकलेन घ्यायला जातोय. सेन्सर ‘मॅनेज’ केलेत का ते जागेवर कसं ओळखायचं? (सातारा)

पहाटे जा, आणि आदल्या दिवशी विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. तुम्ही पोचायच्या आधी मशीन गरम करून ठेवलेलं असेल तर त्या दिवशी परत या.

थंड इंजिनावर चावी ऑन करा, सेल्फ नको. इशाऱ्याचे सगळे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर तो काढलेला असू शकतो. मग स्कॅनर लावा आणि तापमानं वाचा: कूलंट, इनटेक हवा, डिझेल. रात्रभर उभ्या मशीनमध्ये ही तिन्ही हवेच्या तापमानाच्या जवळपास, एकमेकांपासून चार-पाच अंशांत हवीत. हवा २२ अंश आणि कूलंट ठाम ७५ दाखवतंय, तर सेन्सरऐवजी कपलरमध्ये रेझिस्टर बसवलाय. नंतर इंजिन अर्धा तास लोडवर चालवा. खरा सेन्सर हळूहळू चढतो, थर्मोस्टॅट उघडताना थोडा हलतो. रेझिस्टर हलत नाही.

बूस्टचा सेन्सर जर एकूण दाब मोजणारा असेल, तर बंद इंजिनावर त्याने आजूबाजूच्या हवेचा दाब दाखवायला हवा. कोकण किनाऱ्यावर साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरच्या उंचीवर ८६. साताऱ्यात उभं राहून १२० दिसलं तर तो सेन्सर खोटा बोलतोय. फक्त बूस्ट दाखवणाऱ्या स्कॅनरवर इथे शून्य दिसेल, म्हणून स्कॅनर काय दाखवतो ते आधी समजून घ्या.

कोडची यादी बघताना चालू कोड आणि जुने कोड वेगळे वाचा. जुन्या कोडपुढे किती वेळा आला आणि कितव्या तासाला आला हे पुष्कळ ईसीएम लिहून ठेवतात. सहा हजार तासांच्या मशीनमध्ये एकही जुना कोड नाही, तर यादी हल्लीच पुसलेली समजा. ते वाईटच असेल असं नाही. पण मग चाचणी दोन तासांची घ्या, कारण परत येणारा कोड तेवढ्यात परत येतो. एखाद्या कोडवर आठ हजारावा तास लिहिलेला दिसला आणि मीटर साडेपाच हजार दाखवत असेल, तर किमतीची बोलणी तिथेच थांबवा. ईसीएममधले एकूण तास आणि डिस्प्लेवरचे तासही जुळवा. तफावत असेल तर डिस्प्ले बदलल्याचं बिल मागा.

शेवटी हार्नेसवर हात फिरवा. मूळ हार्नेसला पन्हाळीदार काळं आवरण असतं. मध्येच लाल-पिवळ्या घरगुती वायरचा तुकडा, चिकटपट्टीचा गोळा, पिळून जोडलेली तार दिसली तर प्रत्येक जोडाचं कारण विचारा.

प्रश्न: बकेटचे दात वेल्ड केल्यापासून स्कॅनर कनेक्ट होत नाही. (फोंडा, गोवा)

बॅटरीची अर्थ न काढता वेल्डिंग झालं असणार. आता मोजूया. बॅटरी सुटी करून, स्कॅनर लावायच्या नऊ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांमधला रेझिस्टन्स बघा. ईसीएम आणि बाकीचे मॉड्यूल ज्या दोन तारांच्या लाइनवरून एकमेकांशी बोलतात, तिच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर (टर्मिनेटर) असतात, म्हणून मीटरवर ६० यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर किंवा तिकडची तार तुटलीय. ४० आले तर कोणीतरी तिसरा जोडून ठेवलाय. शून्याजवळ असेल तर दोन्ही तारा एकमेकींना टेकल्यात, किंवा एखाद्या मॉड्यूलचं आतलं सर्किट जळालंय. मॉड्यूल एकेक सोडवत जा आणि आकडा कधी ६० होतो ते बघा. ६० बरोबर असूनही बोलत नसेल तर बॅटरी जोडून बी पिनवर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज आणि ए पिनवर पक्की अर्थ आहे का पाहा. वेल्डिंगनंतर तिथला फ्यूज उडालेला पुष्कळदा सापडतो. मग ईसीएमचे स्वतःचे फ्यूज.

पुढच्या वेळी वेल्डरने होल्डर हातात घेण्याआधी बॅटरीची अर्थ काढायची, ईसीएमचा कपलर सोडायचा आणि वेल्डिंगची अर्थ बकेटवरच, जोडापासून हातभर अंतरावर लावायची. ती चेसिसवर लावली तर करंट पिना, बेअरिंगं आणि स्विंग गिअरमधून वाट काढत जातो.

प्रश्न: बाजारात तोच सेन्सर पाव किमतीत मिळतो. चालेल का? (बारामती)

कूलंटचा चालेल, वर सांगितल्याप्रमाणे पाण्यात तपासून. दाबाच्या सेन्सरला मात्र आटे आणि कपलर सारखे असून भागत नाही. एक ० ते १० बारचा आणि दुसरा ० ते १६ बारचा, दोन्ही हुबेहूब बसतात, दोन्ही बंद इंजिनावर ०.५ व्होल्ट देतात आणि कोडही येत नाही. पण १० बारवाल्यासाठी लिहिलेल्या ईसीएमला १६ वाल्याचा सिग्नल मिळाला की चार बारचा दाब अडीचच दिसतो. उलट बसवला तर अडीचचा चार दिसतो, आणि हे जास्त घातक. म्हणून अंगावर कोरलेला पूर्ण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, बसवल्यावर गरम इंजिनावर काट्याच्या गेजशी ताडून पाहा, आणि जुना सेन्सर निदान आठवडाभर फेकू नका.